विशाखाने नाकारलेले मार्क

"मावशी, आई गेला," रोहन फोनवर म्हणाला. वॉटफर्ड जंक्शनच्या प्लॅटफॉर्मवर मी ऑफिसच्या ट्रेनची वाट बघत उभी होते. रोहन इथेच जन्मला, इथेच वाढला. त्याच्या मराठीत 'तो' कुठे आणि 'ती' कुठे याचा घोळ कायमचाच, आणि त्याची आई, म्हणजे माझी तीसेक वर्षांपासूनची मैत्रीण विशाखा, त्याचं वाक्य मध्येच थांबवून तो घोळ निस्तरायची. सवयीने आम्ही दोघंही क्षणभर गप्प राहिलो… जणू ती दुरुस्त करील म्हणून. मग तोच हळूच म्हणाला, "गेली." माझी ट्रेन आली आणि निघूनही गेली.

इल्फर्डच्या कम्युनिटी हॉलमध्ये शोकसभा झाली. बुद्धवंदना झाली, लोक तिच्याबद्दल चांगलं बोलले. पण नंतर चहाच्या रांगेत खरी बोलणी सुरू झाली. "या वयात काय नडलं होतं इटलीला जायचं?" एक काका म्हणाले. त्यांच्यामागच्या बाई म्हणाल्या, "तिथे म्हणे पोरांबरोबर रात्री-अपरात्री हिंडायची. शरीर किती सोसणार? घरी राहिली असती तर आज असती." हे काका आणि या बाई वाईट नाहीत. अशोकच्या, म्हणजे विशाखाच्या नवऱ्याच्या आजारपणात यांनीच डबे पोचवले होते. म्हणून, आणि रोहन दोन पावलांवर उभा होता म्हणून, मी तिथे तोंड उघडलं नाही. आज आठ आठवडे झाले. आता उघडते.

विशाखा नागपूरची. बीएच्या शेवटच्या वर्षाला असताना लग्न ठरलं आणि परीक्षेआधीच ती विमानात बसली. इल्फर्डला आली, एका डेंटल सर्जरीत रिसेप्शनला लागली आणि तिथेच राहिली. दाढ दुखते म्हणून मी गेले होते, तेव्हा माझी-तिची ओळख झाली. फॉर्मवर गिचमिड अक्षरात मी भरलेलं नाव वाचून तिने मराठीत विचारलं, "पुण्याच्या का?" आमच्या दोघींच्या घरांत, माणसांत, देवाधर्मात पुष्कळ अंतर होतं. तिच्या घरी देव नव्हते, बुद्धाची मूर्ती होती. माझ्या सासूबाई सुरुवातीला तिच्याकडच्या चहाबद्दल खोदून खोदून विचारायच्या. एकदा विशाखानेच त्यांना घरी बोलावलं, समोर बसून चहा पाजला आणि कप उचलता उचलता विचारलं, "आणखी काही विचारायचंय का, काकू?" त्यानंतर सासूबाईंनी काही विचारलं नाही.

दर एप्रिलमध्ये ती मला कॅमडेनच्या किंग हेन्रीज रोडवरच्या घरी घेऊन जायची. ज्यांच्यामुळे तिच्या घरात पहिल्यांदा पुस्तकं आली, ते विद्यार्थी असताना जिथे राहिले ते घर. आता स्मारक झालंय. बाकीचे हात जोडायचे, फोटो काढायचे. ती टेबलाजवळ बराच वेळ उभी राहायची. एकदा बाहेर पडल्यावर म्हणाली, "मीना, माझी परीक्षा राहिलीय गं." तेव्हा ती चाळिशीच्या पुढे होती. त्याच वर्षी तिने पोस्टाने येणाऱ्या कोर्सला नाव घातलं, नोकरी करून सहा वर्षांत इतिहासातली डिग्री घेतली. सर्जरीत एक इटालियन डेंटल नर्स होती. लंच ब्रेकमध्ये सँडविच खाता खाता विशाखा तिच्याकडून इटालियन शिकत होती. मला वाटायचं, छंद आहे. मग अशोकला विसरण्याचा आजार झाला आणि पुढची वर्षं त्यातच गेली. शेवटी शेवटी तो तिला सर्जरीतली बाई समजून अपॉइंटमेंट मागायचा, आणि ती द्यायची.

अशोक गेल्यावर रोहनने वॉटफर्डच्या आपल्या घरामागे आईसाठी वेगळी खोली बांधायला काढली. तेव्हाचं त्याच्याकडचं जेवण मला आठवतं. त्याची बायको वाढत होती, रोहन आईला बाथरूमच्या टाइल्सचे नमुने दाखवत होता. विशाखाने ते नीट बघितले आणि म्हणाली, "छान आहेत. पण मी सप्टेंबरमध्ये बोलोन्याला चाललेय. एमएला ॲडमिशन मिळालीय."

"कुठे?"

"इटलीत. जगातलं सगळ्यात जुनं विद्यापीठ आहे. शिकायचं तर मुळापासून शिकावं."

"आई, यू आर सिक्स्टी-वन. तू तिथे राहणार कुठे?"

"विद्यार्थी राहतात तिथेच."

रोहन चिडला. तो प्रेमाने चिडतो, त्यामुळे त्याला उत्तर देणं फार अवघड जातं. वाद रात्रीपर्यंत चालला. मी कुणाचीच बाजू घेतली नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही ते वेडच वाटत होतं. निघताना तिने रोहनच्या गालाला हात लावला. "तुझी खोली चांगली आहे," ती म्हणाली, "पण मला तिथे ठेवायचं ठरवण्याआधी मला विचारलं नाहीस."

ऑक्टोबरमध्ये मी तिच्याकडे आठवडाभर राहायला गेले. व्हिया झाम्बोनी म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांची पेठच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमानींच्या लांबच लांब ओसऱ्या, त्यांना पोर्टिको म्हणतात. पाऊस असला तरी छत्री न उघडता अर्धं गाव फिरता येतं. भिंतींवर पोस्टरांवर पोस्टरं, खांबांना बांधलेल्या सायकली, खोली भाड्याने देण्याच्या चिठ्ठ्या, कुठे कॉफीचा वास, कुठे लघवीचा. एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर तिची खोली होती. जिना उभा होता आणि लिफ्ट नव्हती. स्वयंपाकघर दोन पोरांबरोबर सामायिक: जुलिया भाषाशास्त्र शिकणारी, मत्तेओ शेतकीचा. दोघं तिला 'विसाका' म्हणायचे. ख त्यांना जमत नव्हता. ती दुरुस्त करायची नाही; म्हणाली, "हे नाव फक्त इथलं आहे. असू दे."

तिचा दिवस लायब्ररीत जायचा आणि संध्याकाळ बाहेर. पिआत्सा व्हेर्दी नावाचा चौक आहे. अंधार पडला की सगळी पोरं तिथे जमिनीवरच फतकल मारून बसतात. प्लॅस्टिकच्या ग्लासात काहीबाही, कुणाची गिटार, कुणाचा ढोल, आणि वरच्या खिडकीतून ओरडणारे एक आजोबा. नुकतीच डिग्री मिळालेली एक मुलगी डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट घालून आली आणि मित्रांनी तिला भर चौकात सतावून सोडलं. विशाखा एकसष्ट वर्षांची, कार्डिगन घालून, या सगळ्यात मांडी घालून बसलेली. पहिल्या संध्याकाळी मी पर्स छातीशी धरून उभीच राहिले. दुसऱ्या दिवशी ती मला एका जुन्या मद्यशाळेत घेऊन गेली. तिथे फक्त वाइन विकत मिळते, खाणं ज्याचं त्याने आणायचं. लोकांनी हॅम आणलं होतं, चीज आणलं होतं. विशाखाने पिशवीतून थालीपीठं काढली आणि लसणाची चटणी. शेजारच्या टेबलावरचे दोन म्हातारे चटणी खाऊन लालेलाल झाले आणि पुन्हा मागायला आले.

परतताना मध्यरात्र उलटून गेली होती. कमानींखाली आमच्या पावलांचा आवाज घुमत होता. मी म्हटलं, "विशाखा, टॅक्सी करू या. भीती वाटते गं."

"कशाची?"

मी पुढच्या अंधाराकडे बोट केलं.

"मी तीस वर्षं अंधार पडायच्या आत घरी आले," ती म्हणाली. "आधी सासूबाई होत्या म्हणून, मग रोहन लहान होता म्हणून, मग अशोक दार उघडून बाहेर जाईल म्हणून. रात्र कशी दिसते ते मला माहीतच नव्हतं, मीना. बघ तरी." मी बघितलं. एका खिडकीत दिवा होता आणि कुणीतरी मोठ्याने पाठांतर करत होतं.

तिथल्या विद्यार्थ्यांची एक समजूत आहे. शहराच्या मोठ्या चौकातून डिग्री मिळेपर्यंत मधून आडवं जायचं नाही, कडेकडेनेच जायचं. नाहीतर डिग्री मिळत नाही. हसत हसत का होईना, सगळी पोरं ते पाळतात. रविवारी जुलिया आमच्याबरोबर होती. चौकाशी आल्यावर ती सवयीने कडेला वळली. विशाखा सरळ मधून चालायला लागली, तिच्यामागे मी. जुलिया खरोखर घाबरली, ओरडून तिला बोलावू लागली. विशाखा मधोमध जाऊन थांबली आणि मला मराठीत म्हणाली, "माझ्या आजीला गावात भर रस्त्यातून चालायची सोय नव्हती. कडेनेच जायचं, तेसुद्धा सावली कुणावर पडणार नाही असं. हिला सांग, कडेने चालण्याचा कोटा आमच्या घराण्याने संपवलाय." मी ते इंग्रजीत कसंबसं ओरडून सांगितलं. मग जुलियाही मधून चालत आमच्यापर्यंत आली.

मला माहीत आहे, हे वाचून कुणीतरी म्हणेल, बघा, मिळाली का डिग्री? म्हणून पुढचंही सांगते.

फेब्रुवारीत ती पोटदुखीने इंग्लंडला आली. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. हा आजार लपून राहतो, ती इल्फर्डला असती तरी आधी कळलं नसतं, हे कन्सल्टंटने रोहनसमोर आणि माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं होतं. चहाच्या रांगेतल्या मंडळींसाठी ते इथे नोंदवून ठेवते. केमोने थोडा काळ वाढला असता. विशाखाने एकच प्रश्न विचारला, "केमो घेतली तर जूनमध्ये मला तीन जिने चढता येतील का?" कन्सल्टंट बाई प्रामाणिक होत्या. बहुधा नाही, म्हणाल्या. "मग नको," विशाखा म्हणाली. "जूनमध्ये माझी परीक्षा आहे."

रोहन त्या दिवशी हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून खूप रडला. "शी इज चूजिंग अ स्टुपिड एक्झाम ओव्हर अस," तो मला म्हणाला. मी त्याला म्हटलं, "ती तुमच्यापासून काही काढून घेत नाहीये रे. तिचं जे उरलंय ते ती तिच्या मनासारखं खर्च करतेय." त्याला पटलं नाही. पण जून आला तेव्हा तिकीट त्यानेच काढलं. एक स्वतःचंही काढलं.

पुढचं रोहनने मला सांगितलेलं आहे. ते तीन जिने ती प्रत्येक वळणावर बसत बसत चढली. उचलून घेऊ का विचारल्यावर तिने नुसतं बघितलं. इटलीत तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते, खोलीत कुणीही येऊन बसू शकतं. रोहन मागच्या बाकावर बसला, शेजारी जुलिया. प्रोफेसर बाई प्रश्न विचारत होत्या आणि विशाखा उत्तरं देत होती. रोहनला एक शब्द कळत नव्हता. "मावशी, मी कधी आईला इतका वेळ बोलताना ऐकलाच नव्हता," तो म्हणाला. मध्ये एकदा ती थांबली, टेबलाची कड घट्ट धरली. बाईंनी पाणी पुढे केलं. पाणी पिऊन ती पुन्हा सुरू झाली.

शेवटी बाईंनी मार्क सांगितले; इथून पुढचं जुलियाने रोहनच्या कानात इंग्रजीतून सांगितलं. तीसपैकी चोवीस. रोहन टाळ्या वाजवायला उठणार होता, तेवढ्यात जुलियाने त्याचा हात धरला. तिथे विद्यार्थ्याला विचारतात, हे मार्क मान्य आहेत का? नसतील तर नाकारता येतात आणि पुढच्या सत्रात पुन्हा बसता येतं. बाईंनी विचारलं. त्यांना तिच्या आजाराची कल्पना होती. तिचा रंग बघून कुणालाही आली असती. विशाखा म्हणाली, "नाही. दुसरा प्रश्न मला नीट सांगता आला नाही. मी सप्टेंबरमध्ये परत येईन."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी समजूत घातली नाही, दया दाखवली नाही. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "सप्टेंबरमध्ये मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करीन."

ती जुलैअखेरीस गेली. हॉस्पिसच्या पलंगावर शेवटच्या आठवड्यापर्यंत पुस्तक होतं. वाचवत नव्हतं तेव्हा रोहन तिला वाचून दाखवायचा, इटालियन, इंग्रजी उच्चारात, काहीही न समजता. ती डोळे मिटून ऐकायची आणि अधूनमधून बोट वर करायची. म्हणजे उच्चार चुकला. लोक म्हणतात तिने हात टेकले. मी तिथे होते. तिने बोट वर केलं होतं.

मागच्या आठवड्यात रोहन आणि मी तिची बोलोन्याची खोली रिकामी करायला गेलो होतो. सामान फारसं नव्हतंच. कपडे जुलियाने आधीच घड्या करून ठेवले होते, पुस्तकं मत्तेओने खोक्यात भरली होती. दुपारपर्यंत काम उरकलं. मग जुलिया म्हणाली, संध्याकाळी पिआत्सा व्हेर्दीत या. रोहनला हॉटेलवर जायचं होतं. मी त्याला ओढतच नेलं.

चौक नेहमीसारखाच भरलेला. जमिनीवर पन्नास-शंभर पोरं, हसणं, ग्लास, धूर. रोहन इस्त्रीच्या पँटमध्ये, हात खिशात घालून, कडेला उभा. एका मुलाने मान वर करून त्याला इंग्रजीत विचारलं, "तू कुणाबरोबर आलायस?"

इल्फर्डमध्ये विशाखा कायम कुणाची तरी होती. अशोकची बायको, रोहनची आई, सर्जरीतली रिसेप्शनची बाई.

"मी विशाखाचा मुलगा," रोहन म्हणाला.

"विसाका?" मुलाने मागे वळून दुसऱ्यांना काहीतरी सांगितलं. तिथून पुढे ते नाव रांगेत सरकत गेलं, आणि त्याच्यामागोमाग माणसंही सरकली, एक इकडे, दोघं तिकडे. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा झाली. रोहनने माझ्याकडे बघितलं. मग पँटचा विचार न करता तो खाली बसला आणि मला बसायला हात दिला.