आपल्यातलं कोणी

मरणाऱ्या माणसाजवळ बसायला माणसं जमवणं हे माझं काम होतं. ऐकायला फार थोर वाटतं. प्रत्यक्षात ते रोस्टर भरायचं काम होतं, आणि त्या वर्षापर्यंत मी त्याला पार विटले होते. सिडनीच्या पश्चिमेकडचं मोठं हॉस्पिटल. ज्यांच्याजवळ शेवटी कोणी नाही, त्यांच्या उशाशी आमचे व्हॉलंटियर दोन-दोन तास बसायचे. हात धरायचा, बोलायचं, नाहीतर गप्प राहायचं. तोंडात काही घालायचं नाही, हा पहिला नियम. तो मीच ट्रेनिंगमध्ये घसा फोडून सांगायचे.

तेव्हा आपल्याकडच्या स्टुडंट्सचा नुसता लोंढा येत होता. माझ्याकडे यायचे ते बहुतेक सर्टिफिकेटसाठी. दोन शिफ्ट झाल्या की 'मॅडम, लेटर मिळेल का?' आणि ऐन वेळी मेसेज: सॉरी, असाइनमेंट आहे. अरे बाबांनो, तो माणूस काय तुमच्या असाइनमेंटसाठी थांबणार आहे? मग मीच जाऊन बसायचे, माझे दुखरे गुडघे घेऊन.

एक मुलगी मात्र कधी चुकली नाही. मुलगी कसली, तिशी उलटलेली बाई. नागपूरकडची, नर्सिंगचं मास्टर्स करायला आलेली, उरलेल्या वेळात वृद्धांच्या होममध्ये काम करणारी. मराठी म्हणून मला तिचं जरा जास्तच कौतुक. पहिल्याच दिवशी मी आडनाव विचारलं, त्यावरून काही कळेना, म्हणून गाव विचारलं, आणि वर 'म्हणजे तुम्ही नक्की कोण?' असंही विचारलं. तिने हसून चहाचा कप उचलला आणि म्हणाली, "मॅडम, साखर कुठेय?" पुढे गणपतीला जेवायला बोलावलं तर आली नाही. एवढे मोदक केले होते! 'नखरे मेले,' असं मी नवऱ्याला म्हटल्याचं मला चांगलं आठवतंय.

एका सकाळी घरी असतानाच ईमेलवर एका पेशंटचा फॉर्म आला. भाषा मराठी. धर्म हिंदू. तो भरती करून घेणाऱ्या क्लार्कने न विचारताच लिहून टाकला होता, हे मला नंतर कळलं. सत्तरीच्या बाई, निवृत्त शिक्षिका, मुलाकडे राहायला आलेल्या. मुलगा पार पर्थच्या पलीकडे एका खाणीवर इंजिनियर. मिळेल त्या फ्लाइटने निघाला तरी संध्याकाळ होणार होती. डॉक्टर म्हणाले होते, आजचाच दिवस. मुलाने फोनवर एवढंच मागितलं होतं, की आईजवळ आपली भाषा बोलणारं कोणीतरी असू दे, तिला एकटीला जाऊ देऊ नका.

मी स्वतःच निघाले. देवघरातला गंगेचा गडू फोडला, बाल्कनीतल्या तुळशीचं पान घेतलं. माझाच नियम मी धाब्यावर बसवणार होते, पण आपल्या माणसाला कसले आलेत नियम!

बाई शुद्धीवर होत्या. मी हात धरून रामरक्षा सुरू केली. त्यांनी डोळे उघडले. "नको बाई," म्हणाल्या.

"बरं, एखादा अभंग लावू का फोनवर?"

"तेही नको."

मी चमच्यात गंगा घेऊन ओठांशी नेली, तर त्यांनी ओठ घट्ट मिटून मान भिंतीकडे वळवली. माझ्या हातातला हातही सोडवून घेतला. मी दोन तास तशीच बसले, मग खाली येऊन वहीत लिहिलं: 'पेशंट गोंधळलेली आहे. प्रार्थनेला विरोध करते.' गोंधळलेली म्हणे!

बाराची शिफ्ट त्या नागपूरच्या मुलीची होती. तिने वही वाचली, वर गेली, आणि तासाभराने माझ्या ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, त्या गोंधळलेल्या नाहीत. बौद्ध आहेत. उशीखाली बुद्धांची छोटी मूर्ती आहे त्यांच्या."

"तुला दाखवली त्यांनी?"

"मी त्रिशरण म्हणायला लागले, तेव्हा दाखवली. मीही बौद्धच आहे."

"अगं, आठ महिने येतेयस. कधी सांगितलं का नाहीस?"

"पहिल्या दिवशी विचारलंत, तेव्हा सांगितलं असतं, तर गणपतीला बोलावलं असतंत?"

'असं काय बोलतेस, बोलावलंच असतं,' हे वाक्य तोंडापर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. मला खरंच माहीत नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

तिला दोन वाजता होममधल्या कामावर निघायचं होतं. आणखी एक शिफ्ट चुकवली तर नोकरी जाणार, हे काम देणाऱ्या एजन्सीने आधीच बजावलेलं. "दुसरं कोणी माहितीय तुम्हाला?" तिने विचारलं. पंधरा वर्षं मराठी मंडळात घालवलेली बाई मी, फोनमध्ये ढीगभर नंबर. त्यातलं बौद्ध घर कुठलं, मला सांगता येईना. दोघांना फोन केले. एक जण म्हणाला, "आपल्या मंडळात असं कोण आहे?"

मग तिने रोस्टरच्या कोऱ्या बाजूवर त्रिशरण आणि पंचशील लिहून काढलं, मोठ्या अक्षरात. "हळू वाचा," म्हणाली. "आणि त्यांनी नको म्हटलं तर थांबा." आणि दोनपर्यंत पुन्हा वर जाऊन बसली.

ती निघाल्यावर मी पुन्हा वर गेले. बाईंचा श्वास आता जड झाला होता. मी म्हटलं, "सकाळी माझं चुकलं. मला हे येत नाही, बघून वाचीन. चालेल का?"

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मास्तरीणबाईंची नजर ती, मला शाळेतल्यासारखा घाम फुटला. मग मूर्ती धरलेली मूठ त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मी वाचलं, अडखळत. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. पाचच्या सुमाराला दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं, आणि मग पुढचा श्वास आलाच नाही.

मुलगा साडेसहाला पोचला, खांद्यावर बॅग, बुटांना लाल माती तशीच. आईच्या पायांवर डोकं ठेवून तो बराच वेळ बसला. मी कोपऱ्यात उभी. कंबर मोडली होती, कधी एकदा घरी जाऊन पडतेय असं झालं होतं.

त्याने मान वर केली. "शेवटी आपल्यातलं कोणी होतं का तिच्याजवळ?"

कागद माझ्या हातातच होता. 'हो' म्हणून टाकलं असतं, तर त्याचंही समाधान झालं असतं आणि मीही सुटले असते.

"दोन वाजेपर्यंत होतं," मी म्हटलं. "नंतर मी होते."