रंगाला सुती लागणार नाही

गाडी धुवायला आलेला माणूस अर्धा-पाऊण तास रिकामा असतो, आणि रिकामा माणूस गप्प बसत नाही. आधी तो मोबाइल बघतो, मग चहा सांगतो, मग मला माझा धंदा शिकवतो. दिवसाला सहा-सात गाड्या धरा आणि वर्षभराचा हिशेब तुम्हीच करा. मी काही लिहून ठेवत नाही. शब्बीरभाई जेवताना तेच तेच किस्से पुन्हा सांगतात, म्हणून विसरायचीही सोय नाही.

आमचं सेंटर वारंगा फाट्यावर. आम्ही तिघं. मी वंदना, पुण्यात गाड्या चमकवून देणाऱ्या एका डिटेलिंग स्टुडिओत चार वर्षं हात काळे करून परत आलेली. शब्बीरभाई पॉलिशचं मशीन चालवतात. आणि रुख्मा काकी, शेजारच्या तांड्यावरून येतात, टॉवेल धुणं-वाळवणं त्यांच्याकडे. जागा आणि रॅम्प भुजंगराव काकांचा, जे आमच्यात मोडत नाहीत पण रोज येतात.

पहिल्याच दिवशी मी भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'इथे गाडीच्या रंगाला सुती कपडा लावला जात नाही.' चाकं, दाराच्या खाचा, इंजिन, तिथं पंचा चालतो, मी स्वतः वापरते. पण रंगाला फक्त मायक्रोफायबर, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्याचा टॉवेल. कारण साधं आहे. सुती कपडा धूळ पुढं ढकलतो आणि ती रंगावर ओरखडत जाते. मायक्रोफायबर ती आपल्या धाग्यात ओढून घेतो.

आता हे वाक्य कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात लिहायचं म्हणजे काय, ते लिहून झाल्यावर कळलं.

*

पहिला वार जागामालकांचाच. काकांनी भिंत वाचली, परत वाचली आणि विचारलं, की कापसावर जगणाऱ्या गावात हे प्लास्टिकचं कौतुक कशाला.

मी म्हणाले, "काका, माझ्या बापाच्या शेतातबी कापूसच आहे. मी अंगावर सुतीच घालते. गाडीला घालत न्हाई."

काका हसले नाहीत. पुढं उन्हाळ्यात दोन-तीन गिऱ्हाइकांनी त्यांच्याकडे माझी तक्रार केली, की बाई फार वेळ लावते, साधा पंचा मारत नाही. तेव्हा ते खुर्ची ओढून समोर बसले आणि शांतपणे म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघतो. तवाबी लोकांची बोंब आली तर रॅम्प ट्रक धुणाऱ्याला देऊन टाकतो. वाईट वाटून घेऊ नको, पोरी."

वाईट वाटलंच. पुण्याहून आणलेली सगळी पुंजी त्या फरशीत आणि पाइपांत गाडलेली होती. पण भिंतीवरचं वाक्य मी पुसलं नाही. उलट पावसानं फिकं झालं होतं, ते पुन्हा रंगवलं.

*

आखाडा बाळापूरचे एक निवृत्त गुरुजी आहेत. गडद निळी गाडी, आणि तिच्यावर मुलापेक्षा जास्त जीव. ते येतानाच घरून धोतराचं फडकं घेऊन आले. पंधरा वर्षं धुऊन धुऊन साय झालेलं धोतर. माझ्या हातात देऊन म्हणाले, हात लावून बघ. मी लावला. खरंच मऊ होतं.

"याच्यात माझी दोन नातवंडं गुंडाळली," गुरुजी म्हणाले. "लेकराच्या कातडीला जे चालतं ते पत्र्याला काहून चालत न्हाई?"

मी म्हणाले, "गुरुजी, लेकराच्या अंगावर या रस्त्याची धूळ नसती."

"तू आमची लेकरं पाहिली न्हाईस."

शब्बीरभाई पाठ फिरवून हसायला लागले. मी मात्र ऐकलं नाही, तर गुरुजींनी रागानं गाडी ओलीच बाहेर नेली आणि रस्त्याकडेला उभी करून स्वतः पुसली. गोल गोल, मन लावून, सगळी ताकद घालून. महिन्याभरात तीनदा पुसली असेल. मग एक दिवस दुपारी उन्हात माझ्यासमोर आणून लावली. बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उठल्या होत्या.

गुरुजींनी चष्मा पुसून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "उन्हाचा दोष हाय. सावलीत गाडी बराबर दिसती."

तेव्हापासून गुरुजी गाडी फक्त झाडाखाली लावतात.

*

एक साहेब आले, काच खाली केली आणि विचारलं, मालक कुठं आहे.

"मीच."

त्यांनी रॅम्पकडे बघितलं, पाइपाकडे बघितलं, परत माझ्याकडे. मग गाडी कोण धुणार? म्हटलं, मीच. पुसणार कोण? तेही मीच. साहेबांना काळजी वाटायला लागली. म्हणाले, "मग इथं माणसं काय करतेत?"

मी म्हणाले, "सल्ला देतेत."

तरीही त्यांनी गाडी दिली. सल्लाही दिला.

*

आता किस्सा माझ्या फजितीचा. तो सांगितला नाही तर काकी रुसतील.

पहिल्या हिवाळ्यात मी टॉवेल रस्त्याकडेच्या दोरीवर वाळत टाकायला सांगितले. ऊन चांगलं, वारा चांगला. काकी म्हणाल्या, आत टाकू. मी म्हटलं, काकी, हे मला शिकवलेलं आहे, उघड्यावर वाळवायचे. पुण्यात जे शिकवलं होतं त्यात एक गोष्ट नव्हती. या दिवसांत आमच्या रस्त्यानं कापसानं फुगलेले टेम्पो जिनिंगच्या गिरणीला जातात, एकामागं एक, ताडपत्रीतून कापूस उडवत.

संध्याकाळी दोरीकडे गेले तर निळे टॉवेल पांढरे झाले होते. जे कापड धूळ ओढून घेतं, ते कापूस कशाला सोडेल? एकेका टॉवेलावर बोटभर कापूस चिकटलेला. झटकून निघेना, धुऊन निघेना. मला रडू यायचं बाकी होतं.

काकींनी खाली बसकण मारली, एक टॉवेल मांडीवर पसरला आणि वेचायला लागल्या. दोन्ही हातांनी, बघतही नव्हत्या. तीस वर्षं दुसऱ्याच्या शेतात केलेलं काम. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे टॉवेल साफ. मी एकटीनं महिना लावला असता.

शेवटचा टॉवेल घडी करून काकी म्हणाल्या, "वंदे, तू कापसाला भिंतीवर लिहून हाकललं. त्यो तुझ्या टॉवेलाला शोधत आला बघ."

*

आमच्याकडे एक कायदा आहे, तो शब्बीरभाईंचा. खाली पडलेला टॉवेल पुन्हा रंगाला लागत नाही. एक खडा अडकला की पुरतं. उचलायचा, झटकायचा प्रश्न नाही, तो थेट चाकांच्या बादलीत.

एकदा एका पुढाऱ्याची काळी गाडी आली. सोबत कार्यकर्ता. साहेबांना सभेला जायचं आहे, लवकर उरका, म्हणत त्यानं स्वतःच टॉवेल उचलला आणि दरवाज्यावर मारायला लागला. हातातून सुटला. शब्बीरभाईंनी तो बादलीत टाकला, दुसरा दिला. दुसराही पडला. तोही बादलीत. तिसरा पडला तेव्हा कार्यकर्त्यानं चटकन उचलून झटकला आणि पुसायला हात पुढं केला. शब्बीरभाईंनी मनगट धरलं.

"जमीन पे गिरा, तो वो टायर का हो गया."

कार्यकर्त्याचा आवाज चढला. "भाई, साहेबांची गाडी हाय ही."

शब्बीरभाई म्हणाले, "तो साहब के टायर का."

*

पुसेगावचा एक शेतकरी पिकअप घेऊन येतो. त्याच्या गाडीला मूळ रंग कोणता होता, त्यावर आमच्यात दोन मतं आहेत. शेताचा रस्ता बाभळींतून जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंना पुढून मागंपर्यंत लांब ओरखडे. मी नवाकोरा टॉवेल काढला तर तो हातच जोडायला लागला. म्हणाला, ताई, याला गोणपाट मारा, मला काम हाय.

मी म्हटलं, इथं आलेल्या प्रत्येक गाडीला तेच. कायदा म्हणजे कायदा.

"मग एक टॉवेल बाभळीलाबी द्या," तो म्हणाला. "तिलाबी सांगतो, आजपासून मऊ लाव."

पण पिकअप मी मायक्रोफायबरनंच पुसला. तो पूर्ण वेळ बाजूला उभा राहून माझ्याकडे दयेनं बघत होता.

*

आणि दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे प्रत्येक गाडीची पूजा होते, सायकलपासून ट्रकपर्यंत. हार, हळद-कुंकू, नारळ. धुतल्याशिवाय पूजा नाही, आणि सगळ्यांना सकाळीच पाहिजे. नऊ वाजता रॅम्पपासून रस्त्यापर्यंत दहा गाड्या उभ्या. माझ्याकडे टॉवेल तीस. एका गाडीला पाच जातात, कारण काचेचा वेगळा, छताचा वेगळा. चार गाड्या गेल्या, त्यांच्या जागी रांगेत चार नव्या लागल्या; पुढच्या दोन धुऊन तयार झाल्या तोवर टॉवेल संपत आले. काकी धुऊन टाकत होत्या, पण वाळायला वेळ लागतोच. हॉर्न सुरू झाले. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, पंचा मारायला काय मरण येतं हिला! आणि कुणीतरी काकांना फोन लावला.

काका दहा मिनिटांत आले. गाडी थेट रांगेच्या तोंडाशी, रॅम्पला आडवी लावली. हातात चादरीत बांधलेलं गाठोडं. ते पंधरा वर्षं सरपंच होते. गावात लग्न असो, उद्घाटन असो, त्यांना टॉवेल-टोपीचा आहेर ठरलेला, आणि टॉवेल ते कुणाला देत नाहीत, कपाटात रचतात. त्यांनी गाठोडं माझ्या समोर सोडलं. पन्नास तरी असतील. पांढरेशुभ्र, सुती, घडी न मोडलेले.

"घे," ते म्हणाले. "लोक सकाळपासून ताटकळून राहिले. आजच्या दिवस मार."

खोटं कशाला सांगू, क्षणभर हात पुढं गेलाही. आजच्या दिवसाचं कोण बघणार होतं? बघणारे दहाही जण तर पंचाच मागत होते. शब्बीरभाईंनी मशीन बंद केलं. काकी पिळत होत्या त्या थांबल्या.

मी म्हणाले, "काका, रॅम्प ट्रकवाल्याला द्या. उद्याच द्या. पण हे टॉवेल मी लावणार न्हाई."

हॉर्न बंद झाले होते. काकांनी माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग ते रांगेकडे वळले आणि एकेका गाडीपाशी जाऊन म्हणायला लागले, "ज्याला घाई हाय त्यानं जा. हिंगोली रोडला दुसरं सेंटर हाय, पंचानं पुसतेत, धा मिनिटांत मोकळं करतेत. जा."

पहिला हलला नाही. दुसऱ्यानं इंजिन बंद केलं. ज्यानं फोन लावला होता तो काच वर करून समोर बघत बसला. काका शेवटच्या गाडीपर्यंत गेले आणि परत आले. एकही गाडी रांगेतून निघाली नव्हती.

काकांनी आपली गाडी रॅम्पसमोरून मागं घेतली आणि रांगेच्या शेवटी नेऊन लावली. परत येऊन गाठोड्यातला एक टॉवेल काढला, त्याची घडी मोडली, भिंतीखालच्या दगडावर अंथरला आणि त्यावर बसले. बाकीचे टॉवेल ताटकळणाऱ्यांना बसायला वाटून टाकले.

मग मला विचारलं, "माझा नंबर कितवा?"

"अकरावा," मी म्हणाले.