मामा रांगेत आहेत

तुम्ही रांगेत शेवटचे कधी उभे राहिलात? खरेखुरे, म्हणजे आत कुणी ओळखीचे दिसते का हे न पाहता, ‘फक्त एक विचारायचंय’ म्हणत खिडकीत डोके न घालता, पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत? आठवत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. अख्ख्या मुळशी तालुक्यात असा माणूस आता एकच उरला आहे आणि ते माझे थोरले मामा आहेत.

मामा घोटावड्यात राहतात. शेत थोडे उरले आहे, उरलेल्या जागेवर घर मजल्यामजल्याने वर चढले आणि वरच्या खोल्यांत हिंजवडीला नोकरी करणारे भाडेकरू आले. पण मामांचे खरे काम शेती नाही आणि भाडे गोळा करणे तर मुळीच नाही. त्यांचे काम रांगेत उभे राहणे. दूध डेअरी असो, टँकर असो, गावातले सलून असो, मामा येतात, ‘शेवटी कोन हाय?’ असे मोठ्याने विचारतात, आणि ज्याने हात वर केला त्याच्या मागे जाऊन असे उभे राहतात की जणू त्यांना तिथे नेमले आहे. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात कार्यालयात बुफे होता. व्याही ताट घेऊन विनवण्या करत होते, मुलीचा बाप मात्र ताट छातीशी धरून रांगेच्या शेपटाला उभा. ‘मुलीचा बाप झालो म्हनून काय झालं? माझ्या पुढं मानसं हायेत,’ म्हणाले. ते पुढे पोचेपर्यंत जिलेबी संपली होती. मामांनी वरण-भात घेतला आणि मोठ्या समाधानाने जेवले.

एकदा त्यांना बावधनला दाताच्या डॉक्टरकडे यायचे होते. मी तिथे त्यांची वाट बघत बसले. वाटेत नेहमीसारखी वाहने तुंबलेली. सगळ्या दुचाकी रस्त्याच्या कडेने, मातीतून, पायवाटेवरून निघून गेल्या. मामा आपली जुनी स्कूटर घेऊन एका सिमेंटच्या ट्रकमागे उभे राहिले, कारण तो ट्रक त्यांच्या आधी आलेला होता. डॉक्टर दवाखाना बंद करून गेले तेव्हा मामा चेहऱ्यावर धुळीचा थर घेऊन हजर झाले. मी तडतडले. ‘मामा, कडेने आला असतात तर पोचला असतात ना!’ मामा शांतपणे रुमालाने गाल दाबत म्हणाले, ‘पोचलो असतो. पर मग मधी घुसलोच असतो की.’

आमच्या भागात रेशनच्या दुकानापुढे माणसे रांगेत उभी राहत नाहीत, चपला राहतात. दुकान उघडायच्या कितीतरी आधी कुणी चप्पल ठेवून जाते, कुणी पिशवी, कुणी वीट, आणि शेरडांच्या मागे जाणाऱ्या बाया तर काठी आडवी टाकून जातात. रांग हलली की या वस्तूही पुढे सरकवायच्या असतात, आणि ते काम मामांनी स्वतःकडे घेतलेले आहे. पायाने नाही, वाकून, हाताने. ‘चप्पल म्हंजी मानूसच,’ असे ते म्हणतात. एकदा एका म्हातारीची चप्पल कुत्र्याने पळवली. मामा स्वतःची जागा सोडून म्हातारीच्या जागेवर जाऊन उभे राहिले. ती रानातून आल्यावर तिला तिची जागा दिली आणि आपण निमूट सगळ्यांच्या शेवटी गेले. गाव मामांना नाना म्हणते. लोक म्हणाले, ‘आरं नाना, तुझी जागा हितं मोकळीच हाय की!’ मामा म्हणाले, ‘एका मानसाला दोन जागा न्हाई मिळत.’

मी पत्रके वाचत वाढलेली मुलगी आहे. इतर मुले गोष्टी ऐकत झोपायची त्या वयात मी वडिलांनी आणलेले चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे उलगडायची. ‘समता’ हा शब्द मला त्यातूनच कळला. पण समता दिसते कशी, हे मी मामांना चपला सरकवताना पाहून शिकले. म्हणून पुढचे सांगताना माझा आवाज चढला तर सहन करा.

मामींचे दोन्ही गुडघे गेले आहेत. मामी म्हणजे दिवसातून दहा वेळा जिना चढणारी बाई. गेली काही वर्षे त्या स्वतःच्याच घराच्या गच्चीवर गेलेल्या नाहीत. त्यांच्या कुरडया वर वाळतात आणि मामी खाली बसून ओरडतात, ‘अगं, उलट्या केल्या का? कावळा आला का?’ वर नागपूरकडची एक भाडेकरू राहते, हिंजवडीत कॉम्प्युटरचे काम करते. ती वरून ओरडते, ‘हो काकू, करून राहिली नं!’ मामींचा तिच्यावर काडीचा विश्वास नाही. ‘गच्चीवर एकदा जाऊन बघते, मग मेले तरी चालंल,’ असे त्या म्हणतात. दोन्ही सांधे बदलायला हवेत असे डॉक्टरांनी सांगितले, आणि ते आपल्या ऐपतीबाहेरचे आहे हे सगळ्यांना न सांगता कळले.

तेवढ्यात ज्येष्ठांच्या उपचारांची सरकारी योजना जाहीर झाली. पंचायतीपुढे फलक लागला. नोंदणी फक्त वेबसाइटवर, अमुक दिवशी सकाळी दहापासून. जो आधी नोंदवेल त्याला आधी तारीख. फलकावरचे हसरे म्हातारा-म्हातारी टेकडीवर पळत होते.

त्या दिवशी मामांनी इस्त्रीची टोपी घातली. नागपूरकरीण घरूनच, वर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काम करणार होती. तिने तिचा स्वतःचा लॅपटॉप ओसरीवरच्या स्टुलावर ठेवून दिला, मी बावधनहून आले, आणि मामी खाटेवर पाय लांब करून बसल्या. दहा वाजले. पडद्यावर एक गोल फिरू लागला आणि खाली अक्षरे आली: ‘आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा. पान पुन्हा उघडू नये.’

मामांचे डोळे भरून आले.

‘बघ,’ ते मामींना म्हणाले, ‘सरकारनं रांग लावलीया.’

‘फुडं किती मानसं हायेत त्ये इचारा.’

‘त्ये न्हाई लिवलं.’

‘आन् मागं?’

‘त्ये बी न्हाई.’

‘मग ही कसली रांग? आंधळी कोशिंबीर म्हना.’

मामांनी दुर्लक्ष केले. मांडीवर हात ठेवून ते त्या फिरत्या गोलाकडे पुढच्या माणसाची पाठ बघावी तसे बघत बसले. तास गेला. नागपूरकरीण जिन्यातून डोकावली. ‘काका, रिफ्रेश मारा नं! सगळे तेच करून राहिले.’

‘उघडू नये म्हनून लिवलंय, बाई.’

‘अहो, ते लिहायसाठी असते!’

मामांनी तिच्याकडे अशा नजरेने बघितले की ती वर निघून गेली. मीही तेच सांगितले. माझ्या फोनवर आमच्या कार्यकर्त्यांच्या गटावर निरोपांचा पाऊस चालला होता. कुणाला पासवर्डचा आकडा त्याची मुदत संपल्यावर येत होता, कुणाचे पान पांढरे पडत होते, कुणाला ‘आपण अस्तित्वात नाही’ असे उत्तर आले होते. एका गावच्या माणसाला स्वतःच्या जिवंतपणाचा दाखला कुठल्या रकान्यात जोडायचा हे कळेना. मामा हलले नाहीत. माझी खात्री आहे, त्या दिवशी अख्ख्या राज्यात ती सूचना पाळणारा एकच माणूस होता.

जेवायची वेळ झाली. मामी ओरडल्या. मामा उठले, दाराशी गेले, आपली एक चप्पल आणून स्टुलावर लॅपटॉपसमोर ठेवली, आणि हात धुवायला गेले. मी हसले, पण ती चप्पल काही काढली नाही. काढवेना. जेवून परत येऊन बघतो तर गोल गायब, आणि पडद्यावर नवीन ओळ: ‘बराच वेळ कोणतीही हालचाल न झाल्यामुळे आपणास बाहेर काढण्यात आले आहे.’

मामांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज मी इतका बारीक झालेला कधी ऐकला नव्हता. ‘अगं, रांगेत हालायचं नसतंय ना?’

मी तुम्हालाच विचारते. उभे राहा म्हणून सांगायचे, आणि उभे राहिले म्हणून हाकलायचे, ही कुठली रीत? दारावर पहारेकरी बसवा, तो निदान तोंडावर शिवी देईल. दुकानदाराची गचांडी धरता येते, तलाठ्याच्या टेबलावर हात आपटता येतो. या यंत्राला ना टेबल, ना गचांडी. आणि हे ज्यांनी बनवले त्यांना सबंध राज्यातले म्हातारे एकाच सकाळी एकाच दारात येणार हे ठाऊक नव्हते? त्यांनीच तर बोलावले होते!

दुपार कलली तशी नागपूरकरीण खाली आली. तिने पदर खोचावा तशी ओढणी बांधली, मामांना बाजूला बसवले आणि लॅपटॉप, तिचा फोन, मामांचा फोन अशा तिन्हींवर एकदम साइट उघडली. बोटे पापड लाटल्यासारखी फिरत होती. आणि थोड्या वेळाने तिच्या फोनवर अर्ज उघडला! मामींचे नाव, गाव, वय भरून झाले. तेवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला. अर्ज उघडलेला फोन कानाला तर लावता येत नाही, म्हणून ती ऑफिसशी बोलायला वरच्या कॉम्प्युटरकडे धावली. ‘काका, हात लावू नका, दोन मिनिटांत आली.’ मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते.

मामांनी तिन्ही पडद्यांकडे बघितले. ‘ह्यो कुणाचा?’ त्यांनी मामींना विचारले.

‘माझाच.’

‘आन् ह्यो?’

‘माझाच की!’

‘तिन्ही तुझंच?’

‘व्हय. गप बसा.’

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा दोन्ही फोन बंद करून शेजारी शेजारी पालथे ठेवले होते, आणि मामा सकाळपासून ज्याच्यापुढे रांगेत होते त्या लॅपटॉपसमोर पुन्हा मांडीवर हात ठेवून बसले होते. गोल फिरत होता.

‘मामा, काय केलंत!’

‘दोन जागा मोकळ्या केल्या,’ ते म्हणाले. ‘कुनीतरी आडलं असंल मागं.’

नागपूरकरीण खाली आली, तिने फोन पाहिला आणि पायरीवर मटकन बसली. भरलेला अर्ज पुसला गेला होता. संध्याकाळी साइटवर सूचना लागली की आजची नोंदणी पूर्ण झाली आहे. मग बातमी आली, योजनेच्या खात्यातल्या साहेबांचे निवेदन: योजनेला अभूतपूर्व प्रतिसाद, त्यामुळे किरकोळ तांत्रिक अडचण. प्रतिसाद! बंद दारावर धक्के मारत होतो आम्ही, आणि आत बसलेल्यांना त्या टाळ्या वाटल्या. ज्यांच्या घरात भरपूर फोन आणि चपळ बोटे होती त्यांचे गुडघे आधी बदलणार. याला मी अडचण म्हणत नाही. याला घुसणे म्हणतात, आणि या वेळी घुसण्याची सोय सरकारने केली होती.

मामी तुमच्या-माझ्यासारख्याच आहेत, देवी नाहीत. ‘अवो, रांगेशीच लगीन लावायचं व्हतं! मला कशापायी आनली?’ एवढे बोलून त्यांनी तोंड फिरवले, आणि मामांशी बोलणे बंद केले. मामा दुसऱ्या दिवशी कचेरीत तक्रार करायला गेले, अर्थात रांगेत उभे राहून. दिवस मावळता परतले. मी विचारले, काय म्हणाले? ‘तक्रार त्याच साइटवर करायची म्हनं.’ टोपी खुंटीला अडकवली आणि बराच वेळ तिच्याकडेच बघत उभे राहिले. आपण चुकलो असे त्यांना वाटत होते का, हे मी विचारले नाही. मामी जिन्याकडे बघू लागल्या की ते नजर दुसरीकडे वळवत, एवढे मात्र मी पाहिले.

परवा घोटावड्याला गेले होते. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर मामींच्या चपला ठेवलेल्या दिसल्या, तोंड वरच्या बाजूला करून. भाडेकरू येता-जाता त्यांना वळसा घालून जातात, नागपूरकरीण तर रोज त्यांवरची धूळ झटकते. मी मामींना विचारले, ‘या इथं कशाला?’ मामी कुरडयांचा चीक घोटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘ह्यांनी ठिवल्यात. नंबर लावलाय म्हनं माझा.’ आणि मग, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, मामांना हाक मारली, ‘अवो, च्या घ्या!’

नोंदणी पुन्हा उघडणार आहे. दारात टोकन मिळावे, उभ्या माणसाचा नंबर राहावा, हे मी त्या साहेबांकडून मिळवीनच. पत्रके छापायला टाकली आहेत. तुमच्याकडे माझे मागणे लहान आहे. त्या सकाळी घरातल्या एकाच फोनवर साइट उघडा. बाकीचे पालथे ठेवा. त्या गोलाच्या पलीकडे कुठेतरी, इस्त्रीची टोपी घालून, माझे मामा तुमच्या मागे उभे आहेत. ते तुम्हाला ढकलणार नाहीत.