लेनचा ग्लास ठेवायचा कुठं?

डॉट पेंगलीला कुरालिन गावात कोणी घाबरत नसे. तिच्या तोंडाला मात्र सगळे घाबरत. उभी हयात तिने पबमध्ये बिअर ओतली. कोणाचा संसार मोडणार, हे पाद्र्याआधी तिला कळायचं.

तिचा धाकटा भाऊ लेन व्हिएतनामच्या युद्धावर गेला, तो परतलाच नाही. तेव्हापासून दर पंचवीस एप्रिलला, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, पहाटेच्या मानवंदनेला, डॉट चौकातल्या स्मारकावरच्या दगडी सैनिकाच्या बुटांपाशी त्याच्यासाठी काठोकाठ भरलेला ग्लास ठेवायची. सैनिकाचं नाक क्रिकेटच्या चेंडूने केव्हाच उडवलं होतं. "तरी लेनपेक्षा देखणा आहे," ती म्हणायची.

पुढे सैनिकाला तडे गेले. त्याच्या जागी ॲडलेडच्या ज्युलियन नावाच्या आर्किटेक्टने गंजक्या पोलादाची तिरकी भिंत उभारली. गावात दोन तट पडले. काहींना ती भव्य वाटली, काहींना कलंडलेलं धान्याचं कोठार. मी कौन्सिलचा नवा इंजिनिअर. मला आवडली होती. नव्या स्मारकाच्या पहिल्या पहाटे डॉटला गाडीतून मीच नेलं.

तिने भिंतीच्या कडेवर ग्लास टेकवला. घसरला. पायथ्याशी ठेवला. तिथेही घसरला.

"पाणी साचू नये म्हणून उतार दिलाय," मी म्हणालो.

"आणि बिअर?"

ज्युलियन लगबगीने आला. "मिसेस पेंगली, सपाट जागा मुद्दामच ठेवलेली नाही. युद्धात माणसाला कशाचाच आधार उरत नाही, हे दाखवायचंय."

"ते मला भिंतीनं शिकवायचं होय रे? माझ्या भावाला तहान लागलीय, आणि तू त्याला भाषण पाजतोयस!"

तेवढ्यात बिगुल वाजलं. डॉटने ग्लास त्याच्या हातात कोंबला. "धर. सांडलास तर बघ."

सगळं गाव माना खाली घालून गप्प उभं राहिलं. ज्युलियन भिंतीपाशी, दोन्ही हातांत ग्लास धरून, ताठ. फेस मनगटावरून त्याच्या भारी कोटाच्या बाहीत उतरत होता, पण गडी हलला नाही. शेजारी डॉटचा हुंदका ऐकू आला. शिंकही असेल, विचारायची माझी छाती नव्हती.

मौन संपलं. "आता काय करू?" ज्युलियन कुजबुजला.

"एक घोट तू घे. बाकीची त्याला ओत."

त्याने ओतली. बिअर उतारावरून सरसर धावली आणि मातीत मुरली. डॉट बघत राहिली.

"लवकर पोचली की! त्या दगडी बुटांपाशी नुसत्या माश्याच प्यायच्या."

मग तिने त्याचा टाय सरळ केला. "राहू दे तुझी भिंत. पण ग्लास धरायला दरवर्षी यायचं."