हार पडला तेव्हा

टीव्ही मालिकेचा लेखक वाघोलीच्या आमच्या फ्लॅटवर येणार म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सकाळीच इस्त्रीचा सदरा घातला होता. इंग्रजांनी कायदा करून आमच्या अख्ख्या जमातीलाच गुन्हेगार ठरवलं आणि तारेच्या कुंपणाआड वसवलं. आमची माणसं त्या जागेला शेटलमेंट म्हणतात. आबा तिथेच जन्मले. नव्या ऐतिहासिक मालिकेत ते दिवस येणार होते. मी कॉलेजात इतिहास शिकवते. मी शिकवते त्या पुस्तकात आमच्यावर दोन ओळी आहेत, त्याही आमचा बंदोबस्त कसा केला याच्या. निदान पडद्यावर तरी आमची माणसं दिसतील, असं मला वाटलं.

आबा दुपारभर बोलले. मलाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं ते त्या परक्या पोराला सांगितलं. त्यांची तान्ही बहीण तापानं गेली. सकाळी हजेरी होती, चुकवली तर शिक्षा. त्यांची आई मेलेलं लेकरू पदरात गुंडाळून रांगेत उभी राहिली.

"मी तिच्या लुगड्याचा काठ धरून हुतो," आबा म्हणाले. "नाव पुकारलं तवा 'हाय' म्हणली. मग घरी येऊन रडली."

लेखकानं डोळे पुसले. "आजोबा, हे जसंच्या तसं दाखवू."

तो भाग लागला त्या दिवशी आबांनी समोरच्या निवृत्त जोडप्याला बोलावलं. मी शिरा केला होता. पडद्यावर रांग आली. काजळानं डोळे बरबटलेली एक बाई उभी, पदरात मेलेलं मूल. आबा पुढे सरकले. अंमलदारानं पदर ओढला आणि मुलाच्या अंगावरून सोन्याचा हार खाली पडला. ढोल वाजले.

"बाई गं," समोरच्या काकू म्हणाल्या, "काय एकेक लोक असतात!" मग त्यांना आठवलं. "म्हणजे, तुमच्यासारखे नव्हे हो."

आबांनी बशी खाली ठेवली. "माझ्या आईला चोर केलं," एवढंच बोलले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी लेखकाला त्याच्या ऑफिसात गाठलं. त्याची नजर वर येईना.

"मॅडम, नुसती उभी राहिलेली बाई दाखवून एपिसोड कसा संपवणार? वरून सांगितलं, ट्विस्ट हवा. आणि सुरुवातीला पाटी असते ना, सगळं काल्पनिक म्हणून."

"मग ती आई तरी काल्पनिक घ्यायची होती."

"खरंच सॉरी. पण आता माझ्या हातात काही नाही."

मी वाहिनीला पत्रं लिहिली, फोन केले, दाराशी जाऊन बसले. कुणी आत घेतलं नाही. तोवर हार पडतानाचा तेवढाच तुकडा रील होऊन फिरायला लागला. वर्गात मागच्या बाकावर मुलं तो पाहून हसत होती. मी खडू हातात धरून उभी राहिले. पुस्तकातल्या दोन ओळी दाखवल्या असत्या, तर त्या रीलच्याच बाजूनं उभ्या होत्या.

आबांनी बोलणं टाकलं. जेवायचे, गॅलरीत बसायचे. एका संध्याकाळी मी विचारलं, "आबा, आजी दिसायला कशी होती?" घरात तिचा फोटो नाही. शेटलमेंटमधल्या लोकांचे फोटो कोण काढणार?

त्यांनी डोळे मिटले. उघडले, पुन्हा मिटले.

"येईना गं. डोळं मिटलं की ती टीव्हीतली बाई येती. काजळवाली. माझी आई कुठं गेली?"

मी त्यांचा हात धरला.

"तू शिकलेली हायस," ते म्हणाले, "तिला हाकल की गं."

माझ्याही डोळ्यांपुढे तीच बाई उभी होती; दुसरी कुणी मी पाहिलेलीच नव्हती.