गेस्ट की स्ट्रेंजर

सत्तरच्या दशकात मी जाफराबाद तालुक्यातल्या एका शाळेत नवीन लागले, तेव्हा आठवीला इंग्रजी शिकवायला कुणीच तयार नव्हतं. म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं. मी तीर्थपुरीकडची, बौद्ध घरातली, घरात इंग्रजी वाचणारी पहिलीच. वर्षभर काम बघून मग कायम करू, असं मला सांगितलं होतं. हेडसर ते येता-जाता ऐकवायचे, जशी काही मी विसरणारच होते.

पोरं एका जागी अडून बसली. व्हिजिटर, गेस्ट आणि स्ट्रेंजर. कामापुरता येऊन जातो तो व्हिजिटर, हे त्यांना पटलं. पण चाचणीत 'आपल्या ओळखीचा नसलेला माणूस कोण?' या प्रश्नाला अख्ख्या वर्गाने 'गेस्ट' लिहिलं. मी चिडून विचारलं, तर पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "बाई, वळख न्हाई म्हणूनच तर पाव्हणा. वळखीच्याला कशाला पाव्हणा म्हणायचं?"

आता यावर काय बोलणार! आमच्या भागात एसटीतून अनोळखी माणूस उतरला की कुणीही आवाज देतो, "पाव्हणं, कोन्या गावचे?" गाइडात उत्तर 'स्ट्रेंजर' होतं; ते लिहिणाऱ्याला अशी हाक कधी कुणी मारली नसावी. मी सगळ्यांचं उत्तर बरोबर धरलं.

हेडसरांनी पेपर पाहिले आणि कपाळाला हात लावला. "गाइडात स्ट्रेंजर दिलंय. शाळेच्या तपासणीच्या आधी पोरांकडून घोकून घ्या. कायम तुम्हाला व्हायचंय, मला न्हाई."

मी घोकून घेतलं नाही. पोरांनी आपल्या गावचं खरं लिहिलं होतं, ते मी कशाला खोडू?

तपासणीचे साहेब आले. पेपर चाळता चाळता त्या उत्तरापाशी थांबले. "हे तुम्ही बरोबर दिलंय? बाई, योग्य शब्द फळ्यावर लिहा. आत्ता, माझ्यासमोर."

मी खडू घेतला आणि 'स्ट्रेंजर' लिहिलं. हेडसरांचा जीव भांड्यात पडला. मग मी वर्गाकडे वळले.

"आता या शब्दाचा अर्थ ऐका. मी या गावात आल्ते तवा माझे वडील संगं होते. स्टँडवरच्या हाटेलवाल्यानं आवाज दिला, पाव्हणं, बसा. गाव इचारलं, चहा सांगितला. मंग इचारलं, कोणापैकी? वडिलांनी मान वर करून सांगितलं, बौद्ध. मंग आमचा चहा आला कान तुटलेल्या कपात. ते कप वेगळेच ठेवलेले असतात. वडील चहा तसाच ठेवून उठले. पोरांनो, वळख नव्हती तवर आम्ही गेस्ट होतो. वळख पटली अन् स्ट्रेंजर झालो. गाइडात उलटं लिहिलंय."

साहेबांनी शेरा मारला, 'विषयाची तयारी अपुरी', आणि माझं कायम होणं वर्षभर पुढं ढकललं. मला संताप आला. तो अजूनही येतो, आणि मी त्याला येऊ देते.

शाळा सुटल्यावर हेडसरांनी मला थांबवलं. "एक शब्द लिहून गप बसल्या असत्या तर काय बिघडलं असतं, बाई?"

"सर, तुम्ही रोज त्याच हाटेलात बसता. ते कप कुणासाठी आहेत, तुम्हाला म्हाईत न्हाई?"

ते टेबलावरची धूळ बोटाने पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्यात काय, सगळ्या गावाला म्हाईत आहे."

"मंग मी एकटीनंच नापास का व्हायचं, सर?"