पिवळ्या रिमा

बाबांनी आंजीच्या आठवडी बाजारातून दुसऱ्याचीच सायकल घरी आणली, तेव्हा मला आधी हसूच आलं. बाजाराच्या दिवशी चिंचेखाली तीसेक सायकली उभ्या असतात, बहुतेक काळ्या आणि जुन्या. कुलूप कोणी लावत नाही. तासाभराने त्या सायकलचा मालक दारात आला. ओळखीचाच माणूस, पण उन्हातून पायी आल्यामुळे चिडलेला.

"काका, या वयात चोऱ्या कराले लागले काय?" तो अर्धवट हसत म्हणाला.

बाबा उठले. त्याची सायकल त्याला दिली, चप्पल घातली आणि स्वतःची आणायला पायी निघून गेले. रात्री नीट जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते पिवळ्या ऑइल पेंटचा डबा, ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन आले. "सायकलच्या रिमा पिवळ्या करतो."

"बाबा, लोक हसतील. शाळेतल्या पोराची वाटंन ती सायकल."

"हसू दे. आपली सायकल दुरून ओळखू आली पाह्यजे."

घरात आम्ही दोघंच. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, मी लग्न केलं नव्हतं, अंगणवाडीत नोकरी करत होते. बाबा एका जिनिंगमध्ये काट्यावर होते. कापसाच्या गाड्यांचं वजन पाहून लिहिण्याचं काम. ते त्यांनी वर्षभरापूर्वी एकाएकी सोडलं. का, ते सांगितलं नाही. घरी बसून माणूस खचतो, असं मी त्यांना उठता-बसता ऐकवत असे.

रविवारी सकाळी आम्ही अंगणात सायकल उलटी केली. चाकं काढली, टायर-ट्यूब उतरवले. रिमांवरचा गंज मी पॉलिश पेपरने घासला, रॉकेलच्या फडक्याने पुसून काढला, करडा प्रायमर मारला. तो दुपारी वाळला. ब्रेकचे गुटके जिथे घासतात तिथे रंग टिकत नाही, तेवढी जागा सोडायची, हे बाबांनीच मला समजावलं. मग ब्रश त्यांनी घेतला आणि मी चहा ठेवायला आत गेले.

कप घेऊन बाहेर आले आणि उंबऱ्यातच थांबले. बाबांनी रिमचा एक तुकडा सुरेख पिवळा केला होता. त्याच्या पुढची वीतभर जागा करडीच. मग पुन्हा थोडं पिवळं. मधल्या तीन-चार ताराही रंगल्या होत्या. पायजम्यावर ओघळ आले होते. आणि ते मान खाली घालून आधीच रंगवलेल्या तुकड्यावरच पुन्हा ब्रश फिरवत होते.

"बाबा, इथं राह्यलं."

"कुठं?"

"हे काय, तुमच्या हाताजवळ."

त्यांनी मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, सुई शोधावी तशी. मी कप खाली ठेवला आणि त्यांचं बोट धरून त्या जागेवर टेकवलं.

"बाबा, तुमाले दिसून नाई राह्यलं काय?"

"दिसते. समोरचं दिसते. आजूबाजूचं नाई दिसत. पाइपातून पाह्यल्यावानी."

"कवापासून?"

"दोन वर्सं झाले असन."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

ते ब्रश पुसत राहिले. "तू माही सायकल बंद केली असती."

काट्याचं काम का सोडलं, तेही तेव्हाच कळलं. एका गाडीचं वजन त्यांनी चुकीचं लिहिलं होतं. शेतकऱ्याने ते दाखवून दिलं, दुरुस्तीही झाली, कोणी त्यांना बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी ते गेलेच नाहीत. आणि मी वर्षभर त्यांना घरी बसण्यावरून टोचत राहिले होते.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची. थोडं आधी आणलं असतं तर, असं म्हणत त्यांनी थेंब लिहून दिले. परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

उरलेलं चाक मी एकटीने रंगवलं. बाबा खाटेवर बसून "पातळ हात मार, ओघळ येईन," एवढंच सांगत होते. सायकल तयार झाली तेव्हा मी म्हटलं, आता बसायचं नाही. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी हँडल धरलं आणि सायकल ढकलत पायीच चौकात गेले.

मग तसंच सुरू झालं. काठी घेतली असती तर गावाला कळलं असतं. सायकल हातात धरून चालणाऱ्याला कोण काय म्हणणार? वाटेत कोणी विचारायचं, "काका, पंक्चर काय?"

"हो ना, पंक्चर."

दोन हिवाळे त्यांची सायकल रोज पंक्चर होती. गावाला समजलं नसेल असं नाही. पण लोक विचारत राहिले आणि ते उत्तर देत राहिले.

नळाच्या पाइपासाठी रस्ता खोदला होता. त्या नालीत ते सायकलसकट पडले, मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर त्यांनी सायकल मागितलीच नाही. गेल्या वर्षी उजेड-अंधार एवढंच उरलं, आता तेही नाही.

आता ते माझा कोपर धरून चालतात. परवा केळझरच्या गणपतीला गेलो होतो. पायऱ्यांवर दम घ्यायला बसलो, तर त्यांनी अचानक विचारलं, "बाई, तुये केस पांढरे झाले काय वं?"

अर्ध्याहून जास्त झालेत. मी म्हटलं, "नाई बाबा, एखाद-दुसरा."

त्यांनी हात वर केला. आधी माझा खांदा लागला, मग कान, मग डोकं. केसांवरून हात फिरवत ते म्हणाले, "तुया मायचे लवकर झालते."